डाव्या दाराचा पोचा

मंगळवार, ९ एप्रिल

माझं सगळं बदललं ते आज सकाळी, राखाडी गाडीचं दार उघडून ती मामाच्या गॅरेजच्या आवारात उतरली तेव्हा. कालच्या वादळाने नाही. वादळाने बाकीच्या शहराचं बदललं.

काल दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या. मी आणि मामा एका जीपखाली होतो. वर पत्र्याचं छप्पर, त्यावर कोणीतरी ट्रकमधून खडी ओतत असल्यासारखा आवाज. मामा काहीतरी ओरडत होता, मला वाटलं घाबरलाय. नंतर कळलं, पाना मागत होता. सगळं थांबलं तेव्हा आवार पांढरं झालं होतं. मामा कमरेवर हात ठेवून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "भाच्या, वर्षभराचं काम आभाळातून पडलं रे!" मग त्याची नजर त्याच्याच गाडीवर गेली. पुढची काच फुटून सीटवर सांडली होती. त्यानंतर तो आभाळाविषयी जे बोलला ते इथे लिहीत नाही.

आज उजाडल्यापासून फाटकाबाहेर रांग. देवी येऊन गेल्यासारख्या सगळ्या गाड्या, अंगभर पोचे. प्रत्येक मालक असा उभा की पोटच्या पोरालाच लागलंय. मी खाली बसून नंबर उतरवून घेत होतो. राखाडी गाडीपाशी आलो, दार उघडलं, आधी चपला दिसल्या. चपलांवरूनच ओळखलं. कॉलेजच्या वाचनालयात दीड वर्ष मी त्याच बघत होतो, मान वर करायची हिंमत नव्हती म्हणून.

"तू इथे?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

हे माझं भाषण. कॉलेज सोडल्यापासून आरशासमोर काय काय पाठ केलं होतं, आणि बाहेर पडलं ते एक अक्षर.

मामाने मागून हाक दिली, "गाडी कुठे उभी होती विचार!" मी विचारलं. ती म्हणाली, "घरापाशी, नेहमीच्या जागेवर. डावी बाजू भिंतीला लागून." तिला लांबच्या शहरात प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे. दोन मेला हजर व्हायचं. तिचे बाबा (औषधांचं दुकान आहे त्यांचं) तिला सामानासकट गाडीने सोडणार. एकवीस तारखेला, रविवारी निघायचं.

म्हणजे ती आली आणि जाणारही, दोन्ही बातम्या एकाच दमात.

जाताना म्हणाली, "कानाला ग्रीस लागलंय तुझ्या." अजून पुसलेलं नाही.

बुधवार, १० एप्रिल

मामाची पद्धत जुनी. पोच्यात लांबी भरायची, वाळली की घासायची, वर रंग मारायचा. मन लावून करतो, पण एका दाराला दोन दिवस. अशा गतीने आवारातल्या गाड्या संपेपर्यंत मालक म्हातारे होतील. मी तसं बोलून दाखवलं. "मग तू कर," मामा म्हणाला, "तुला तर प्रत्येक गोष्ट सोडता पण पटकन येते." टोमणा लागला. मी पत्र्याच्या डब्याला लाथ मारली. डबा भरलेला होता. अंगठा सुजलाय.

दुपारी एक व्हॅन आली. त्यातून पन्नाशीची एक बुटकी बाई उतरली. खांद्यावर तिच्याहून लांब पिशवी, पिशवीत सळया. वाकड्या, सरळ, टोकाला चपट्या, गोल, चमच्यासारख्या. "गारा पडल्या की मी येते," ती मामाला म्हणाली. "जिथे वादळ तिथे मी. रंगाला हात न लावता पोचे काढते."

"आम्ही बाई, लांबी लावतो," मामा.

"दिसतंय," ती म्हणाली, मामाने नुकत्याच केलेल्या दाराकडे बघत. "छान गिलावा झालाय."

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण तिने परवानगी विचारलीच नाही. एका बॉनेटसमोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दिवा ठेवला. पट्ट्या पत्र्यात उमटल्या, आणि जिथे जिथे पोचा तिथे पट्टी वितळल्यासारखी वाकडी झाली. तिने खालून सळई घातली, आतून हळूहळू रेटा दिला. बोलत होती, शेंगदाणे खात होती आणि रेटत होती. वाकडी पट्टी बघता बघता सरळ झाली. पोचा नाहीच! मामा पाठ करून उभा होता, पण समोरच्या गाडीच्या आरशात सगळं बघत होता. मी बघितलं.

संध्याकाळी ठरलं. बाई आपल्या आवारात काम करणार, अर्धंअर्धं. हाताखाली मी. तिचं नाव मी सळईबाई ठेवलंय. तोंडावर फक्त बाई म्हणतो.

शुक्रवार, १२ एप्रिल

दोन दिवस एकच काम. दाराच्या आत सळई घालायची आणि तिचं टोक कुठे आहे ते शोधायचं. बाहेरून टोक दिसत नाही. किंचित रेटलं की पट्टीत बारीकसा थरथराट दिसतो, तिथे टोक. मला वाटलं होतं दहा मिनिटांत येईल. आज तिसऱ्या प्रहरी एकदा सापडलं, आणि आनंदात इतकं जोरात रेटलं की पोचा होता तिथे टेंगूळ आलं.

"मोठा पोचा गेला, लहान डोंगर आला," बाई म्हणाल्या.

मी सळई फेकली. ती भिंतीवर आपटून मामाच्या चहाच्या कपावर पडली. कप फुटला. बाईंनी एक शेंगदाणा सोलला.

"झाली फेकून?"

मी सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं.

"आता उचल. आणि ऐक. पोचा एका दणक्यात आला म्हणून एका दणक्यात जात नाही. मुंगीने ढकलल्यासारखं ढकलायचं. थोडं, मग बघायचं. थोडं, मग बघायचं. तू बघतच नाहीस. नुसता ढकलतोस."

कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या सरांनीही असंच काहीतरी म्हटलं होतं, आणि मी वही त्यांच्या टेबलावर आपटून "माझं नाव काढून टाका" म्हणालो होतो. त्यांनी काढलं. इतकी तत्परता कॉलेजात दुसऱ्या कुठल्याच कामाला बघितली नव्हती.

सळई उचलली.

शनिवार, १३ एप्रिल

ती आली! गाडी कधी होईल ते विचारायला. खरं म्हणजे फोन करता आला असता, पावतीवर नंबर आहे. पण मामाचं अक्षर असं आहे की कोणाला वाचता येणार. माझं नशीब, मामाचं अक्षर.

सोमवारी गाडी हातात घेऊ म्हणून सांगितलं. "बरं," म्हणाली, आणि गेली नाही. मला वाटलं आता माझ्याशी बोलेल. तर ती बाईंपाशी जाऊन उलटी ठेवलेली बादली ओढून बसली. नव्या गावात गेल्यावर खोली कशी शोधता? एकट्याच जेवता? पहिल्या दिवशी काय करता? कंटाळा येतो का, भीती वाटते का? बाईंना तर बोलायला माणूसच हवं. "पहिल्या दिवशी मी चहाची टपरी पक्की करते," त्या म्हणाल्या. "चहावाल्याला आपलं तोंड ओळखीचं झालं की अर्धं गाव आपलं. पहिली रात्र मात्र वाईटच जाते. ती सगळ्यांचीच जाते, तुझीही जाईल. दुसरी जरा कमी."

ती हसली, पण हसू तोंडावर टिकलं नाही. अर्धा तास बसली. मी हातात सळई घेऊन चौकीदारासारखा उभा. माझ्याशी बोलायचं टाळण्यासाठीच ती बाईंशी बोलत असणार. स्पष्ट आहे.

मामाने आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. गॅरेजमध्ये. विचारलं तर म्हणाला, विम्याचा माणूस येणार आहे. विम्याचा माणूस परवाच खुणा करून गेला.

सोमवार, १५ एप्रिल

राखाडी गाडी दिव्याखाली घेतली. टप आणि बॉनेट बाईंचं, उजव्या बाजूचे लहान पोचे माझे. ती संध्याकाळी आली. मी तिला दिव्यासमोर उभं केलं आणि पट्ट्या कशा वाकतात ते दाखवलं. तेवढ्यात मलाच एक पोचा दिसला, विम्याच्या माणसाच्या मेणाच्या पेन्सिलीतून सुटलेला. खरोखरचा. "हाही काढावा लागेल," मी म्हणालो. "मग उद्या येते बघायला," ती म्हणाली.

उद्या येते!

एक पोचा, एक संध्याकाळ. हे गणित मला कॉलेजात कोणी शिकवलं असतं तर मी पदवी घेतली असती.

बुधवार, १७ एप्रिल

काल एक सापडला, आज दोन. दोन्ही मोहरीएवढे. बाई म्हणाल्या, "या दिव्याखाली कारखान्यातून आजच निघालेली गाडी आण, तिच्यातही काढून दाखवते. संपव आता." मी म्हटलं, गिऱ्हाईकाचं काम चोख हवं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या गाडीकडे वळल्या.

आज तिने विचारलं, मी पुन्हा कॉलेजात जाणार का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "हे काम करताना तू वेगळा दिसतोस." कसा, ते विचारलं नाही. रात्रभर वाटत राहणार, वेगळा म्हणजे कसा? मळका, असंच असणार.

गुरुवार, १८ एप्रिल

गाडी झाली. मोहरीएवढासुद्धा पोचा उरला नाही. उद्या ती येणार, गाडी घेऊन जाणार, रविवारी निघणार.

आत बाई आणि मामा बशीत ओतून चहा पीत होते. मी गाडीच्या भोवती फेऱ्या मारत होतो. पेटीत ठोकणी होती, नायलॉनच्या टोकाची. टेंगूळ आलं तर ते खाली बसवायला वापरतात. मी तिच्यावर फडकं गुंडाळलं. मागच्या डाव्या दारावर, मधली कड जिथून जाते तिथे, दोनदा मारली.

पण दुसरा उपाय सांगा! मी चोरी केली नाही. एक पोचा तर केला, तोही मीच काढणार. म्हणजे हिशेब बरोबरच.

शुक्रवार, १९ एप्रिल

ती आली. मी तिला डाव्या बाजूला नेलं. "हा एक राहिलाय. कडेवर आहे, अवघड जागा."

ती वाकली. पोच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी जमिनीकडे बघितलं.

"हा राहिलाच होता?"

"हो."

"किती दिवस लागतील?"

"चार-पाच."

तिने दारावरून हात फिरवला. "बरं. बाबांना सांगते. रविवारचं पुढे ढकलू," ती म्हणाली. "घाई नाही."

घाई नाही! मामाला मिठी मारली. तो म्हणाला, "सोड, इस्त्री मोडेल."

सोमवार, २२ एप्रिल

सत्यानाश.

आज तिचे बाबा स्वतः आले. शांत माणूस, चष्म्याची काच पुसत बोलतात. म्हणाले, तिकडे जी खोली ठरवली आहे तिची मालकीण शनिवारपर्यंतच थांबणार, नंतर दुसऱ्या कोणाला देणार. "गाडीचा भरवसा दिसत नाही. तेव्हा पोरीला शुक्रवारच्या बसमध्ये बसवून देतो. सामान नंतर पाठवू. एकटीला पाठवायचं जिवावर येतंय, पण काय करणार?"

काय करणार! मी केलं ना. तिला थांबवायला निघालो होतो, तिला एकटीला बसमध्ये चढवून बसलो.

ते गेल्याबरोबर मी त्या दाराला भिडलो. आजच काढतो, म्हटलं. पण कडेवरचा पोचा म्हणजे घडी पडलेला कागद. एकीकडून रेटलं की दुसरीकडे सरकतो. तासाभरात एका पोच्याशेजारी दोन टेंगळं आली. मी अजून जोर लावणार इतक्यात बाईंनी माझं मनगट धरलं.

"हा कुठून आला?"

"गारेचा आहे."

"अस्सं." बाईंनी शेंगदाण्यांची पुडी खिशात ठेवली. त्या पुडी ठेवतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं. "टप बघ. सगळे मार उजवीकडून आलेत. उजवी बाजू चाळणी, डाव्या बाजूला एक ओरखडा नाही. आणि ही एकटी गार घराला वळसा घालून, भिंतीच्या आणि गाडीच्या मधल्या फटीत शिरून, बरोबर कडेवर बसली? फार हुशार गार. येताना ठोकणी पण घेऊन आली होती वाटतं."

मी सगळं सांगितलं. बाई आधी हसल्या, इतक्या की खोकला लागला. मग हसणं गेलं. "मी गावोगाव फिरते ते कशावर? या बाईने हात लावलेली गाडी चांगली होते, एवढ्यावर. तू माझ्या दिव्याखाली खोटा पोचा दाखवलास. मी याला हात लावणार नाही. तुझा पोचा, तू काढायचा. आणि तिला सांगायचं."

"मामाला?"

"त्याला काय सांगायचंय?" मामा मागे कधी येऊन उभा राहिला होता कळलं नाही. "ठोकणीचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखतो, गाढवा. मला वाटलं टेंगूळ बसवतोयस. कडेवर कसलं टेंगूळ, हे काल डोक्यात आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या वयाचा मी पण होतो," मामा म्हणाला, आणि का कोण जाणे, बाईंकडे बघून लाजला.

मंगळवार, २३ एप्रिल

सकाळीच औषधांच्या दुकानात गेलो. ती एकटीच होती, फळीवर खोके लावत. मी दारातूनच सांगून टाकलं, नाहीतर पळून आलो असतो. "डाव्या दाराचा पोचा गारेचा नाही. मी केला. तू थांबावंस म्हणून."

ती खोके लावतच राहिली. "माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? गाडी भिंतीला मीच लावते. घासू नये म्हणून आरशात बघत बघत. तिथे गार कुठून येणार?"

"म्हणजे शुक्रवारी, मी दाखवला तेव्हाच..."

"तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

तिने हातातलं खोकं उगाच उलटसुलट केलं. "मलापण अजून थोडे दिवस हवे होते."

बांधाबांध राहिली असेल. मी म्हणालोही, "सामान आवरायला मदत हवी का?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी मूर्खासारखं बोललो हे कळलं, काय ते कळलं नाही. मग माझं डोकं फिरलं. नेहमी फिरतं तसंच. मी म्हणालो, "नको ना जाऊस. सोड ती नोकरी! इथे नोकऱ्या नाहीत का?"

तिने खोकं खाली आपटलं. "तू एक दिवस रागावलास आणि कॉलेज सोडून आलास. आता मीही सोडू? मला तिकडे जायची भीती वाटते. गाडी कधी दुरुस्तच होऊ नये असंही वाटलं. पण मला जायचंय. दोन्ही खरं आहे. तुला एकाच वेळी एकच खरं कळतं!"

मी तिने आपटलेलं खोकं उचलून फळीवर ठेवलं.

"गाडी कर," ती हळू आवाजात म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दे. मग शनिवारी निघू, खोलीही मिळेल. बसचं मी बघते. बाबांना काय सांगायचं तेही मी बघते. पण नीट कर."

घरी आलो आणि मामावर ओरडलो. कशावरून ते आठवत नाही. मामाने ऐकून घेतलं आणि उकडलेली अंडी पुढे ठेवली. तीन खाल्ली.

ती बरोबर बोलली. मला तिचा राग आलाच नाही, हेच सहन होत नाही.

बुधवार, २४ एप्रिल

दिवसभर तेच दार. आधी टेंगळं खाली बसवली, मऊ हाताने. मग दिव्याची ऊब देऊन पत्रा थोडा सैल करायचा, बाजूबाजूने रेटायचं, घडीच्या टोकांपासून सुरुवात करायची. मधल्या खोल भागाला सगळ्यात शेवटी हात. मला सगळ्यात आधी तोच खुणावतो. दहा वेळा सळई तिकडे गेली, दहा वेळा मागे घेतली.

बाई बादलीवर बसून होत्या. हात लावला नाही, काही सुचवलं नाही. फक्त मी जोर लावणार असलो की शेंगदाणा सोलायचं थांबवायच्या. आवाज थांबला की मला कळायचं.

रंग टिकेल का? कडेवर रंग ताणला जातो. एकदा बारीक चीर गेली की संपलं. मग मामाची लांबी, घासणं, रंग, वाळणं, आठवडा. आणि ती बसमध्ये.

गुरुवार, २५ एप्रिल

आज दुपारी पट्टी सरळ झाली.

कधी झाली ते कळलं नाही. मी थोडं रेटत होतो, बघत होतो, रेटत होतो, बघत होतो. पुढचा पोचा कुठे म्हणून बघायला गेलो तर पुढचा नव्हताच. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्ट्या नुसत्या वाहत होत्या.

बाई उठल्या. दिवा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, गुडघ्यावर बसून बघितलं. "कडेला एक केसाएवढी सावली आहे."

मी सळई पुन्हा उचलली.

"मला दिसते. तुला दिसते. उन्हात देवालासुद्धा दिसणार नाही. ठेव तशीच. हात आवरता येणं हेही काम आहे." मग पाठीत एक धपाटा घातला. "झालं, रे."

मामाने दाराला बोट लावून बघितलं, जणू पट्ट्यांपेक्षा त्याचं बोट जास्त खरं बोलतं. "लांबी न लावता," तो पुटपुटला. "चाळीस वर्षं मी भिंती लिंपत होतो म्हणायचा." बाई म्हणाल्या, "दोन गाड्यांना लांबी लागणारच आहे, पत्रा फाटलाय. त्या तुमच्या. मला त्यातलं काही कळत नाही." मामा संध्याकाळपर्यंत शीळ वाजवत होता.

मीही वाजवली असती. पण गाडी झाली म्हणजे ती जाणार. मीच तिला जायला मोकळं केलं, स्वतःच्या हाताने. विचित्र गोष्ट अशी की आठवडाभरात आज पहिल्यांदा भूक लागल्यासारखी भूक लागली.

शुक्रवार, २६ एप्रिल

बाबा आणि ती गाडी न्यायला आले. बाबांनी गाडीभोवती फेरी मारली. डाव्या दारापाशी थांबले. त्यांनी चष्मा काढून त्या पत्र्यात स्वतःचा चेहरा बघितला, केस सारखे केले. "नवी दिसते," म्हणाले.

मग मामाकडे वळले. "एक विचारायचं होतं. मला अंधार पडल्यावर गाडी चालवता येत नाही, डोळे साथ देत नाहीत. पोरीला सोडून परत येताना मुक्काम करावा लागेल, नाहीतर कोणीतरी बरोबर हवं. तुमचा भाचा येईल का? चालवतो ना चांगली?"

"चालवतो," मामा म्हणाला. "बाकी सगळ्याच्या बाबतीत डोकं गरम, चाक हातात आलं की थंड."

"घरी कोणीतरी सुचवलं होतं, म्हणून विचारलं," बाबा म्हणाले.

घरी कोणी सुचवलं, देव जाणे. आईने सुचवलं असेल, आया काळजी करतात. ती मात्र दुसरीकडेच बघत होती, आमच्या छपराच्या पत्र्यात असं काय बघण्यासारखं होतं कोण जाणे. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ऊन खूप होतं आज.

मी हो म्हणालो. कुणी विचारायच्या आधीच दोनदा म्हणालो.

संध्याकाळी बाईंनी बोलावलं. दूरच्या एका शहरात परवा गारा पडल्या आहेत, तिकडे माणूस लागेल, येतोस का, हंगामभर. मी लगेच हो म्हणणार होतो. त्या म्हणाल्या, "आत्ता नको सांगूस. परत आल्यावर सांग, दोन दिवस शांत बसून. तुझं उत्तर मला रागातलं नको, आनंदातलंही नको." त्या स्वतः कधी निघणार विचारलं तर म्हणाल्या, इथलं काम अजून उरलंय. आवारात दोनच गाड्या आहेत आणि त्या मामाच्या. कुठलं काम ते मला तरी दिसत नाही.

शनिवार, २७ एप्रिल

उजाडतंय. घाईत लिहितोय.

रात्री झोप लागली नाही म्हणून वाटेत तिच्याशी काय बोलायचं ते ठरवलं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, तिने असं म्हटलं तर तसं. बाबा मागे झोपले तर वेगळं, जागे असले तर वेगळं. सकाळी तोंड धुताना बघतो तर एकही वाक्य आठवत नाही. बरंच झालं. लांबचा रस्ता आहे. थोडं बोलेन, मग बघेन.

मामाने खालून हाक मारली, "नवरदेव, उतरताय की वरात वर पाठवू?" मी खिडकीतून डबा फेकून मारणार होतो, पण फाटकापाशी राखाडी गाडी उभी आहे आणि ती बाहेर येऊन वर बघतेय. टपावर सामान बांधलंय. बाबा मागच्या सीटवर आत्ताच बसलेत, पुढची शेजारची जागा मोकळी आहे. म्हणजे ती पुढे बसणार. का बरं? मागे सामान असेल.

तिने हात हलवला. किल्ली तिच्याच हातात आहे, मला दाखवतेय.

आलो, आलो. वही उशीखाली सारतो, दिवा बंद करतो. निघालो. दार लावतो.